बेर्नचे अस्वल : नगरचिन्ह आणि नामनिर्वचन

स्वित्झर्लंडमधील बेर्न या नगराच्या चिन्हाचे वर्णन थोडक्यात आटोपते. तांबड्या ढालीवर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे गेलेला तिरपा सोनेरी पट्टा, आणि त्या पट्ट्यावरून वर चढत जाणारे काळे अस्वल; अस्वलाची जीभ, नखे आणि नरत्वाचे चिन्ह ही तांबड्या रंगात. नगराचे आणि त्याच नावाच्या कँटनचे, म्हणजे स्विस संघराज्यातील घटकराज्याचे, चिन्ह एकच आहे. वर्णन असे आटोपशीर असले तरी त्याच्या अर्थाविषयीचे विवेचन मात्र विपुल आहे, आणि त्यातील बराचसा भाग एकाच गृहीतावर उभा आहे. ते गृहीत असे की, ढालीवर एखादा प्राणी काढला म्हणजे त्या प्राण्याचे गुण नगराने आपले म्हणून जाहीर केले. अस्वल बलवान, निर्भय व हट्टी. म्हणून बेर्नचे नागरिक बलवान, निर्भय व हट्टी. पट्टा वर चढतो, म्हणून नगराची चाल उत्कर्षाकडे.

अशा विवेचनात एक सोय असते. ते कधीही खोटे ठरत नाही, कारण कोणत्याही प्राण्याला चांगले गुण चिकटवता येतात आणि कोणत्याही नगराला ते हवेच असतात. परंतु जे विवेचन खोटे ठरण्याची शक्यताच नाही, त्यातून ज्ञानही फारसे हाती लागत नाही. बेर्नच्या ढालीवर अस्वलाऐवजी लांडगा असता तरी हीच वाक्ये विशेषणे बदलून लिहिता आली असती. मग अस्वलच का, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो. आणि तो प्रश्न प्रतीकशास्त्राचा नसून भाषेचा आहे.

युरोपीय चिन्हविद्येत ढालचिन्हांचा एक वर्ग मानला जातो. फ्रेंचमध्ये त्याला ‘आर्म पार्लांत’ म्हणतात. मराठीत ‘बोलकी चिन्हे’ म्हणावे. ही चिन्हे चिन्हधारकाचे नाव चित्राने उच्चारतात. इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या ढालीवर पाण्याच्या लाटांवरून चालणारा बैल आहे, कारण त्या गावाचे नावच ‘बैलांचा उतार’ असे आहे. नदी पायी ओलांडण्याची जागा म्हणजे ‘फोर्ड’. येथे चित्र आणि नगर यांचा संबंध गुणसाधर्म्याचा नाही, ध्वनिसाधर्म्याचा आहे. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर हा अलंकार रूपक नसून श्लेष आहे. नगरचिन्हांच्या बहुतेक अर्थविवेचनांची चूक नेमकी येथे होते. श्लेषाचे वाचन ती रूपकासारखे करतात.

बेर्नच्या बाबतीत खुद्द नगराची परंपराही श्लेषाचीच साक्ष देते, मात्र ती त्याला कथेचे रूप देते. त्सेरिंगेन घराण्याचा पाचवा बेर्ख्टोल्ड याने ११९१ साली आरे नदीच्या वळणात हे नगर वसविले, असे परंपरा मानते. येथील रानात जो प्राणी प्रथम शिकारीत सापडेल त्याचे नाव नगराला द्यावयाचे, असे त्याने ठरविले होते, आणि सापडले ते अस्वल. ही हकीकत कॉनराड युस्टिंगर या इतिवृत्तकाराने नोंदविली आहे. नगरसभेने त्याच्याकडे इतिवृत्ताचे काम १४२० मध्ये सोपविले, म्हणजे स्थापनेनंतर सव्वादोनशे वर्षांनी. कथेचा क्रम असा : आधी अस्वल, मग नाव, मग ढाल. पण अशा कथांचा खरा क्रम सामान्यतः उलटा असतो. नाव आधीपासून असते. त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून जवळच्या ध्वनीचा शब्द शोधला जातो. तो शब्द चित्रात उतरतो. आणि चित्राला कारण हवे म्हणून शेवटी कथा जन्मते.

हा उलटा क्रम बेर्नपुरता सिद्ध करता येतो का? पूर्णांशाने नाही, परंतु बऱ्याच अंशी येतो. अस्वलाचे चित्र असलेली नगराची मुद्रा १२२४ पासून आढळते. बेर्ख्टोल्ड १२१८ मध्ये निपुत्रिक मरण पावला, त्याचे घराणे संपले आणि बेर्न थेट सम्राटाच्या छत्राखाली आले. ज्याला आता धनी राजघराणे उरलेले नाही अशा नगराला दस्तऐवजावर उमटविण्यासाठी स्वतःची खूण आवश्यक होती, आणि ती खूण त्याने स्वतःच्या नावातून घडविली. बहुसंख्य निरक्षर समाजात मुद्रा ही वाचायची नव्हे, ओळखायची वस्तू असते. मुद्रेवरील प्राणी पाहून ज्याला गावाचे नाव तोंडी घेता येते, त्याच्यासाठी ती अक्षरांवाचून लिहिलेली सही आहे.

मध्ययुगीन जर्मनमध्ये अस्वलाला ‘बेर’ म्हणत. हे नाम दुर्बल म्हटल्या जाणाऱ्या गणातले होते, आणि त्याची प्रथमा एकवचनाखेरीज इतर रूपे ‘बेर्न’ अशी होत. मराठीच्या व्याकरणात सामान्यरूप म्हणून जी गोष्ट परिचित आहे, तिच्याशी या रूपाची तुलना करता येईल. म्हणजे तेराव्या शतकातील जर्मनभाषी नागरिकाच्या कानाला नगराचे नाव केवळ अस्वलाच्या नावासारखे वाटत नव्हते. ते त्याच नामाचे एक नित्य परिचयाचे रूप होते. या श्लेषासाठी शब्दाची मोडतोड करावी लागत नाही, एकही वर्ण बदलावा लागत नाही. लोकव्युत्पत्ती इतकी अनायासे जुळून आल्याची उदाहरणे थोडी.

मग नावाचा खरा उगम कोणता? येथे दोन मते विशेष विचारात घेण्याजोगी आहेत. पहिल्या मताप्रमाणे ‘बेर्न’ हे इटलीतील वेरोना नगराचे जुने जर्मन नाव होय. जर्मन वीरकथांतील ‘डीट्रिख फोन बेर्न’ हा वस्तुतः वेरोनाचा थिओडोरिक. त्सेरिंगेन घराण्याच्या पूर्वजाला १०६१ मध्ये करिंथियाची डची मिळाली तेव्हा वेरोनाचा सीमाप्रांत तिच्याबरोबर आला होता; त्या जुन्या मानाची आठवण म्हणून नव्या नगराला हे नाव दिले, असे हे मत. घराण्याच्या अभिमानाशी ते जुळते, आणि दीर्घकाळ ते बरेच मान्यही होते.

दुसऱ्या मताला बळ आले ते १९८४ मध्ये सापडलेल्या जस्ताच्या एका लहान पत्र्यामुळे. बेर्नच्या जुन्या नगराच्या उत्तरेस एंगे नावाच्या भूशिरावर केल्टिक आणि नंतर रोमन काळातील वस्ती होती. तेथील रानात हा पत्रा मिळाला. त्यावर ग्रीक वळणाच्या अक्षरांत चारच शब्द ठोकलेले आहेत : ‘डोब्नोरेडो गोबानो ब्रेनोडोर नांटारोर’. दुसरा शब्द लोहारांच्या केल्टिक देवाचे नाव आहे. चौथ्यात ‘नांट’ म्हणजे खोरे आणि आरे नदीचे प्राचीन नाव ओळखू येते. तिसरा शब्द स्थलनाम असावा असे मानले जाते. त्याचे उत्तरपद ‘दुरोन’ म्हणजे तटबंदीची अथवा बाजाराची वस्ती. ‘ब्रेन’ पासून ‘बेर्न’ होण्यास केवळ रकाराचा वर्णव्यत्यास पुरतो. ही प्रक्रिया जर्मानिक भाषांत मुळीच दुर्मिळ नाही. जळण्याच्या अर्थी जर्मन ‘ब्रेनेन’ आणि इंग्रजी ‘बर्न’ यांतील भेद हाच. झऱ्याच्या अर्थी ‘ब्रुनेन’ व ‘बोर्न’ हे दोन्ही शब्द तर जर्मनमध्येच नांदतात. मराठीच्या विद्यार्थ्याला ‘नुकसान’ आणि ‘नुसकान’ यांवरून ही गोष्ट सहज उमगेल. या मतावर एक आक्षेप मात्र उरतो. रोमन वस्ती आणि ११९१ यांच्यामध्ये कित्येक शतके आहेत. तेवढा काळ हे नाव कोणाच्या तोंडी राहिले, हे सांगावे लागते. तथापि ज्या परिसरात त्याच ध्वनींचे केल्टिक नाव कोरलेले सापडते, त्या परिसरातील नगराचे नाव आल्प्स ओलांडून वेरोनाहून आणण्याची गरज आता पूर्वीइतकी उरलेली नाही, हे मान्य करावे लागेल.

दोहोंपैकी कोणतेही मत खरे ठरो, अस्वलाचा नावाच्या उगमाशी संबंध नाही एवढे दोन्हींत समान आहे. आणि येथेच बेर्नच्या अभ्यासकापुढे एक मोठा मोह उभा राहतो. १८३२ मध्ये बेर्नजवळच्या मूरी या गावी एक कांस्य शिल्प मिळाले. एका बाजूस झाड, त्यापुढे मोठे अस्वल, आणि अस्वलाच्या समोर बसलेली देवी. बैठकीवरील लॅटिन लेखात लिसिनिया साबिनिला नावाच्या स्त्रीने ते ‘आर्टिओ’ देवीला अर्पण केल्याचे म्हटले आहे. बेर्नच्या वेशीवर अस्वलदेवता! प्राचीन केल्टिक अस्वलपूजा नगराच्या ढालीत जिवंत राहिली, असे म्हणण्यासाठी याहून अधिक काय हवे?

हवी ती एकच गोष्ट : मधल्या हजार वर्षांचा दुवा. तो नाही. शिवाय भाषेचा पुरावाच या मताच्या विरुद्ध जातो. ‘आर्टिओ’ या नावात केल्टिक ‘आर्टोस’ हा अस्वलवाचक शब्द आहे. तो संस्कृत ‘ऋक्ष’, ग्रीक ‘आर्क्टोस’ व लॅटिन ‘उर्सुस’ यांचा सगोत्र. मराठीतील ‘रीस’ याच कुळातला. बेर्नचे चिन्ह ज्या ध्वनीवर उभे आहे तो ‘बेर’ या कुळातला नाही. देवीच्या नावातून अस्वल ढालीवर आले असते, तर नगराच्या नावाशी ते जुळले नसते. आणि नगराच्या नावाशी ते जुळते, त्या अर्थी ते देवीकडून आलेले नाही. मूरीचे शिल्प आणि बेर्नची ढाल यांत समान आहे तो प्राणी, शब्द नव्हे. बोलक्या चिन्हाच्या बाबतीत निर्णायक असतो तो शब्द.

‘बेर’ या शब्दाची स्वतःची कथा तर याहून विलक्षण आहे. मूळ आर्यभारतीय-युरोपीय कुळातील अस्वलाचे नाव दक्षिणेकडील व पश्चिमेकडील भाषांनी जपले. उत्तरेच्या रानात प्रत्यक्ष अस्वलांच्या शेजारी राहणाऱ्या जर्मानिक व स्लाव्ह लोकांनी ते टाकून दिले. नाव घेतले तर प्राणी येतो, या धास्तीने ते उच्चारणे वर्ज्य झाले असावे, असे स्पष्टीकरण फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये याने विसाव्या शतकाच्या आरंभी दिले. स्लाव्ह लोक अस्वलाला ‘मेद्वेद्’, म्हणजे ‘मध खाणारा’ म्हणू लागले. संस्कृतातील ‘मधु’ आणि ‘अद्’ या दोन्हींची ओळख त्यात पटते. जर्मानिक लोकांनी त्याला बहुधा ‘तपकिरी’ म्हटले, आणि तोच ‘बेर’. सापाला ‘लांबडं’ म्हणणाऱ्या मराठी खेडुताला या रीतीचे नवल वाटणार नाही. तेव्हा बेर्नच्या ढालीवर ज्याचे ‘नाव’ चितारले आहे, त्या प्राण्याचे खरे नाव जर्मन भाषेतून केव्हाच लुप्त झालेले होते. एका न उलगडणाऱ्या नगरनामाचा अर्थ एका टोपणनावाने लावला गेला.

अशा रीतीने ध्वनिसाम्यातून उद्भवलेले प्राणी युरोपच्या ढालींवर अनेक आहेत. बर्लिनचे अस्वल १२८० च्या मुद्रेत दिसू लागते. त्या नावाच्या मुळाशी दलदलीचा वाचक स्लाव्ह शब्द असल्याचे सामान्यतः मानले जाते. परंतु सर्वांत बोधप्रद उदाहरण स्पेनमधील लेओनचे. तेथे रोमन सैन्याच्या सातव्या तुकडीची छावणी होती. तुकडी म्हणजे ‘लेगिओ’, तिचे द्वितीयेचे रूप ‘लेगिओनेम’. स्पॅनिशच्या घडणीत अंत्य व्यंजन गेले, स्वरांमधील गकार आधी मृदू होऊन मग लोपला, आणि ‘लेओन’ उरले. सिंहवाचक ‘लेओनेम’ हा शब्दही त्याच नियमांनी ‘लेओन’ असाच झाला. येथे लोकांच्या अज्ञानाला दोष देण्यास जागा नाही. नियमबद्ध ध्वनिपरिवर्तनानेच दोन भिन्न शब्दांना एका उच्चारात आणून उभे केले, आणि सैनिकांच्या छावणीचा सिंह झाला. बाराव्या शतकात सातव्या आल्फोन्सोच्या काळी तो राजचिन्ह म्हणून स्थिरावला. १२३० मध्ये कास्तील व लेओन ही राज्ये एका राजाखाली आल्यावर किल्ला व सिंह एकाच ढालीच्या चार खणांत आलटून पालटून बसविले गेले. त्यातला किल्ला हाही कास्तील या नावाचाच उच्चार. आजच्या स्पेनच्या राष्ट्रचिन्हात हे दोन्ही आहेत, आणि तळाशी ग्रानादाचे डाळिंब आहे. त्या नगराचे अरबी नाव ‘घर्नाता’, आणि अरबीत डाळिंबाला म्हणतात ‘रुम्मान’. हे फळ स्पॅनिश कानानेच त्या नावात ऐकलेले, हे वेगळे सांगावयास नको.

नासिकचे नाव शूर्पणखेच्या नाकाशी जोडणारी कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तिची घडण बेर्नच्या शिकारकथेहून निराळी नाही. भेद एवढाच की तिला ढाल मिळाली नाही, तीर्थ मिळाले. यास्काच्या परंपरेत ज्याला निर्वचन म्हणत, त्यात अर्थाचा आग्रह आधी आणि ध्वनीचा हिशेब नंतर. आधुनिक व्युत्पत्तिशास्त्राने हा क्रम फिरविला व ते योग्यच झाले. परंतु त्याबरोबर निर्वचने केवळ चुका म्हणून बाजूला सारण्याची सवयही जडली. ती मात्र योग्य नव्हे. ‘बेर्न’ म्हणजे अस्वल, हे व्युत्पत्ती म्हणून असत्य आहे. १२२४ मधील नागरिकांनी ते तसे ऐकले, हा इतिहास आहे. नगरचिन्ह हा नावाच्या उगमाचा पुरावा कधीच नसतो; नाव कोणत्या भाषेच्या कानाने ऐकले जात होते याचा तो उत्तम आणि बहुधा दिनांकित पुरावा असतो.

श्लेषाने आत आलेला प्राणी पुढे आपल्या गुणांनी राहू लागतो, यात शंका नाही. रूपकवाद्यांचे म्हणणे येथून पुढे खरे आहे. बेर्नमध्ये संस्थापकाच्या स्मरणार्थ १५३५ मध्ये उभारलेल्या कारंजावर त्याचा पुतळा नाही. चिलखत घातलेले, हाती निशाण धरलेले अस्वल आहे, आणि त्याच्या पायाशी द्राक्षे खाणारे पिल्लू. येथे शिकारीने शिकाऱ्याची जागा घेतली आहे. नगरात जिवंत अस्वले पाळण्याची प्रथा १५१३ च्या नोवारा येथील विजयाशी जोडली जाते. त्यांचा जुना खंदक २००९ मध्ये बंद होऊन नदीकाठी त्यांना प्रशस्त उद्यान मिळाले. रंगांच्या तपशिलालाही मानापमानाचा अर्थ चढला. आप्पेनत्सेलच्या ढालीवरही अस्वल आहे. सांक्ट गालेनच्या एका मुद्रकाने १५७९ च्या पंचांगात ते नरत्वाच्या चिन्हावाचून छापले, तेव्हा आप्पेनत्सेलची मंडळी युद्धाच्या भाषेपर्यंत आली. श्लेषाला कोणी असा रागावत नाही. तोवर ते रूपक झालेले होते.

हे स्थित्यंतर सर्वांत स्पष्ट दिसते ते भाषेच्या सीमेवर. १५३६ मध्ये बेर्नने पश्चिमेकडील वो हा फ्रेंचभाषी प्रदेश जिंकला आणि तो १७९८ पर्यंत आपल्या ताब्यात ठेवला. तेथील गढ्यांवर व कचेऱ्यांवर अस्वल चढले. पण फ्रेंचमध्ये नगराचे नाव ‘बेर्न’ आणि अस्वलाचे नाव ‘उर्स’. या दोहोंत श्लेष जुळेल असा ध्वनिमेळ नाही. ज्या चित्राने बेर्नमधील नागरिकाला त्याच्या गावाचे नाव ऐकू येत होते, तेच चित्र लोझानच्या रहिवाशापुढे मुके होते. त्याला दिसत होता केवळ एक हिंस्र पशू, आणि त्या पशूच्या मागे परकी सत्ता. नगरचिन्हाचे जे ‘सामर्थ्यसूचक’ वाचन आज सार्वत्रिक वाटते, ते या प्रजेच्या बाबतीत अक्षरशः खरे होते, आणि ते खरे झाले भाषांतर अशक्य असल्यामुळे. ज्यूरा पर्वतातील फ्रेंचभाषी मुलूख १८१५ मध्ये बेर्नला जोडला गेला, तेव्हा हाच प्रसंग पुन्हा आला. त्यातील एक भाग दीर्घ चळवळीनंतर १९७९ मध्ये स्वतंत्र कँटन झाला.

१७९८ च्या मार्चमध्ये फ्रेंच फौजा बेर्नमध्ये शिरल्या आणि खंदकातील अस्वले पॅरिसला घेऊन गेल्या. त्याच वर्षाच्या आरंभी वो प्रदेश बेर्नच्या सत्तेतून सुटला होता. १८०३ मध्ये तो कँटन झाला आणि त्याने आपले चिन्ह ठरविले : अर्धी ढाल पांढरी, अर्धी हिरवी. तीवर कोणताही प्राणी नाही. पांढऱ्या भागात सोनेरी अक्षरांत फ्रेंच शब्द लिहिलेले आहेत : ‘स्वातंत्र्य आणि मातृभूमी’.